लांब टोकाची शाल

अर्धांगवायूने सासूबाईंचा डावा हात लुळा पडला, तेव्हापासून त्या खांद्यावर शाल टिकेना. मग डाळिंबाच्या सालींत घरीच रंगवलेली बारीक लोकर घेऊन मी त्यांच्याजवळ बसून तिरकी शाल विणू लागले. डावं टोक आखूड, उजवं चांगलं लांब.

"अगं, एकीकडेच वाढत चाललीय. उसव बघू," त्या रोज म्हणायच्या. मी नुसती हसायचे.

शाल झाल्यावर मी ती त्यांच्या पाठीवर घातली. त्यांनी उजव्या हाताने लांब टोक उचललं, छातीवरून नेलं आणि डाव्या खांद्यावर टाकलं. ते तिथेच राहिलं. मला वाटलं, ऊब दुसऱ्याने दिली तरी ती पांघरावी आपल्या हाताने.

"जा आता, तुझी कामं कर," त्या म्हणाल्या. "थंडी वाजली तर माझी मी घेईन."