आक्काला विचारायचं राहिलं ते

१८ सप्टेंबर, गुरुवार. घट बसायला चार दिवस उरले होते आणि घरातल्या नऊ वाकळा धुवायच्या होत्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेलं हे पांघरूण कोरडं असताना निमूट खांद्यावर बसतं, पण एकदा भिजलं की दोन बायकांना उचलत नाही. आमच्याकडे घट बसायच्या आधी सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यावंच लागतं. नाही नेलं तर तोंडावर कोणी काही म्हणत नाही, नळावर म्हणतात.

त्याच दिवशी दुपारी तीनला आमच्या घरी सरकारी माणसं येणार होती. शहाण्या बाईने धुणं पुढं ढकललं असतं. पण मी शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं क्लार्क आहे, एका रजेत दोन कामं बसवायची माझी सवय. सकाळी सातला टेम्पो सांगितला, नऊ वाकळा टाकल्या, वर आक्काला बसवलं आणि निघाले.

आक्का म्हणजे माझी नणंद, नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणापासून तिची समज कमी. सासूबाई गेल्या त्या वर्षी तिला दूरच्या एका जिल्ह्यातल्या सरकारी निवासगृहात ठेवलं. मी तेव्हा घरात नवी होते. फॉर्म मीच भरला होता, अक्षर चांगलं म्हणून. त्याला बावीस वर्षं झाली. आता सरकारने असली मोठी निवासगृहं हळूहळू रिकामी करायचं ठरवलंय. ज्यांना घर आहे त्यांनी घरी राहायचं, मदतीला दर पंधरा दिवसांनी निपाणीहून एक कार्यकर्ती येणार. आमच्याकडे पत्र आलं तेव्हा नवरा दोन दिवस नुसता गोठ्यात जाऊन बसत होता. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, आणू या. माझ्या मोठ्या मनाचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं होतं.

तीन महिने आजमावून बघायचे, मग घरच्यांना बाहेर बसवून आक्कालाच विचारायचं, इथं राहायचं की दुसऱ्या लहान वसतिगृहात जायचं, असा नियम. ती जे सांगेल ते होणार. आणि तो दिवस आजचा होता.

अडचण अशी की आक्का काही सांगतच नव्हती. कार्यकर्तीने मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करा. मी ते काम शाळेच्या सर्क्युलरसारखं अंगावर घेतलं. आक्का, पोहे करू की उप्पीट? चालतंय. हिरवी साडी की निळी? चालतंय. पंखा लावू? चालतंय. एकदा वैतागून विचारलं, आक्का, तुला विहिरीत ढकलू का? तरी चालतंय. नवरा पानावरून हसत उठला. बावीस वर्षं जिथं काढली तिथं याच उत्तरावर कुणी ओरडत नसणार, एवढं मला कळलं. पण वसतिगृहात जाणार का असं विचारल्यावरही ती हेच म्हणाली, तर उद्या तिची ट्रंक पुन्हा गाडीत चढणार, हेही कळत होतं.

म्हणून मी तिची तयारी करून घेतली. दहावीच्या ढ पोरांची घेतात तशी. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ. ‘कुठं राहायचं’ असं विचारलं की म्हणायचं, घर. पुन्हा विचारलं की पुन्हा म्हणायचं, घर. बरोबर आलं की गुळाचा खडा. बुधवारपर्यंत पाठांतर पक्कं झालं होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

नदीवर मात्र माझी जागा मला कळली. पहिली वाकळ मी जोर लावून आपटली, पिळायला घेतली, आणि तिने मलाच ओढत पाण्यात नेलं. आक्का पायरीवर बसून बघत होती. उठली, पदर खोचला, माझ्या हातातून टोक काढून घेतलं. निवासगृहात ती धोब्याच्या खोलीत काम करायची, हे कागदावर मी वाचलं होतं. पण कागदावरचं मी नेहमी फाइलला लावण्यापुरतंच वाचते. तिने वाकळ पाण्यात नुसती पसरली, पाण्यालाच मळ काढू दिला, मग पायाने तुडवली. पिळायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघी दोन टोकांना, आणि ती ज्या बाजूला पीळ देत होती त्याच बाजूला मीही. शेजारी धुणाऱ्या एका म्हातारीला राहवलं नाही.

“क्लार्कीणबाई, उलट्या अंगानं पिळा की. नुसता पेन चालवून हात वाळल्यात तुमचं.”

सगळा घाट हसला. आक्कापण हसली. साडेअकराला नऊही वाकळा परत आणून घरामागच्या काट्यांच्या कुंपणावर घातल्या होत्या. त्यांतल्या दोन मी धुतलेल्या. कुठल्या, ते लांबूनही ओळखू येत होतं.

तीनला एक साहेब आणि ती कार्यकर्ती आली. साहेबांनी कागद काढला, कार्यकर्तीने मला हसून बाहेर बसायला सांगितलं. मी बाहेर बसले नाही. मी न्हाणीच्या बाजूने जाऊन खिडकीखाली उभी राहिले, हातात एक रिकामी बादली धरून, म्हणजे कोणी पाहिलंच तर काम चाललंय असं वाटावं.

साहेबांनी विचारलं, कुठं राहायला आवडेल? आक्का म्हणाली, घर. मी बादली घट्ट धरली. कार्यकर्तीने विचारलं, आणि सकाळी काय खाल्लं? घर. साहेबांनी भावाबद्दल विचारलं. तेही घर. नंतर आक्कानेच हळूच गूळ मागितला.

वीस वर्षं मुलांच्या कॉप्यांचे अहवाल लिहिण्यात गेली, आणि माझी अशी पकडली गेली.

कार्यकर्ती मात्र पोरगी असून धिराची. तिने खुर्ची सोडली आणि आक्काजवळ जमिनीवर बसली असावी, कारण तिचा आवाज खालून यायला लागला. गुळाचं नंतर बघू म्हणाली. मग सकाळी नदीवर कोण कोण होतं ते विचारलं, आणि आक्का बोलायला लागली. तुटक, पण बोलायला लागली. वाकळा किती, पाणी कसं गार, वैनींना पिळायला येत नाही. तेही सांगितलं.

“आणि रोज? वैनी शाळेत गेल्यावर काय करता?”

“दार बंद. वैनी कुलूप घालत्यात. मी आत बसतो.”

“मग बरं वाटतं?”

“चालतंय.”

बादली मी खाली ठेवली. आवाज झालाच. साहेब बाहेर डोकावले आणि मला आत या म्हणाले, हसण्यासारखं काही नसताना हसू दाबून.

मी आत गेले आणि बोलत सुटले. दहा ते साडेपाच मी शाळेत, नवरा रानात. घरात गॅस आहे. दोनशे पावलांवर हायवे आहे. ही कुठं निघून गेली तर जबाबदार कोण? बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. निवासगृहाच्या कागदांवर फाटक बंद ठेवण्याची हीच कारणं ह्याच क्रमाने छापलेली होती, आणि ते वाचून आक्काला आणताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, बघा, माणसांना कसं कोंडून ठेवतात.

कार्यकर्ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, तुम्ही ह्याबद्दल त्यांना विचारलंय का?

पोहे विचारले होते, साडी विचारली होती, पंखा विचारला होता. विहीरसुद्धा विचारली होती.

मी आक्कासमोर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले. “आक्का, मी शाळेला जाताना कुलूप घालू का नको?”

ती आधी कार्यकर्तीकडे बघत राहिली, मग साहेबांच्या कागदाकडे, मग माझ्या हातांकडे. बहुतेक गूळ आहे का ते बघत असावी. मला वाटलं, आता पुन्हा तेच येणार.

“नको,” ती म्हणाली. मग दाराबाहेर बोट करून, “कट्ट्यावर बसतो. बायकांत.”

साहेबांनी लिहिलं. कर्नाटकातला कागद, कन्नडमध्ये लिहिलं, पण मला वाचता येतं आणि मी वाकून वाचलं. सध्या घरीच राहावं, तीन महिन्यांनी पुन्हा भेट, घराला बाहेरून कुलूप नसावं, आणि घरच्यांनी उत्तरं पाठ करून घेऊ नयेत. शेवटच्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली. मी मुकाट्याने सही केली, अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत होता. मग म्हणाला, कुलूप तू घालत होतीस, पण मलाबी ठाऊक होतं की गं. वाकळा आत आणायला तो एकटाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी रजा टाकून मी पहिल्या बसने निपाणीला गेले. किल्लीवाल्याने टपरी उघडेपर्यंत स्टँडवर बसले, घराच्या कडीकुलपाची दुसरी किल्ली करून घेतली आणि परत आले. ती काळ्या दोऱ्यात ओवून आक्काच्या गळ्यात घालणार होते. मग आठवलं आणि विचारलं, गळ्यात की कमरेला? ती म्हणाली कमरेला. आतून कडी कशी लावायची आणि बाहेर पडताना कुलूप कसं लावायचं ते तिने चार वेळा करून दाखवलं, मी सांगितलं होतं एकदा. साडेअकराला शाळेला निघाले तेव्हा ती समोरच्या घराच्या कट्ट्यावर बसली होती, आणि बायका तिला काहीतरी सांगत होत्या, बहुधा माझं पिळणं. शाळेत पोहोचल्यापासून दुपारच्या घंटेपर्यंत मी त्यांच्यातल्या एकीला तीनदा फोन केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, बसल्यात की इथंच, किती विचारताय; तिसऱ्यांदा तिने उचलला नाही.