डाव्या बाजूचा खांब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आबांना नाही, संघटनेतल्या पोरांना नाही, घरात आईलाही नाही. पत्रकं लिहून लिहून माझ्या हाताला एकच सवय लागलीय — पहिल्या ओळीतच समोरच्याला धारेवर धरायचं. इथं समोर दुसरं कुणी नाही. म्हणून अडखळतेय. तुम्ही जरा सांभाळून घ्या — नाही, नका घेऊ. नुसतं ऐका.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर हवेत, हे आमचं भांडण. नुसतं ओरडून कुणी लावत नाही म्हटल्यावर आम्हीच पट्ट्या घेऊन निघालो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत रस्त्याच्या कडेला ट्रॉली दिसली की थांबायचं, चिकटवायचं, पुढं जायचं. त्यासाठी बारामतीतून एक जुनी गाडी घेतली. विकणारे भानुदासराव आणि त्यांचा धाकटा भाऊ संतोष. गाड्या पारखून आणायचं काम संतोषचं, गिऱ्हाईक सांभाळायचं भानुदासरावांचं. गाडी मी चालवायचे. शेजारी, पुढच्या डाव्या सीटवर, आमचे अध्यक्ष आबा. ती जागा त्यांचीच. दुसरं कुणी बसलं की म्हणायचे, "ऊठ, माझं सिंहासन सोड."

वर्षभरानं आबांच्या दाराजवळचा रंग फुगला. दार नीट लागेना. मी म्हटलं, चालतंय की. आबा ऐकेनात. बारामतीत पोपटच्या गॅरेजला गाडी नेली.

पोपटनं दोन दारांच्या मधल्या खांबावर बोटानं टकटक केलं. ज्या खांबाला सीटबेल्ट अडकवलेला असतो, ज्यावर छत उभं असतं, तो खांब. पत्र्याचा आवाज आला नाही. भिंतीवर थाप मारावी तसा आला. पोपटनं पटाशी लावली आणि रंगासकट पुट्टीचा ढलपाच निघाला — भाकरीएवढा. त्याच्या आत जाळी. जाळीच्या मागं कुठल्यातरी सीटचा पिवळा फोम कोंबलेला. आणि फोम ओढून काढल्यावर खरा खांब दिसला. वाकलेला, खालच्या बाजूला फाटलेला. वेल्डिंगचा एक टाका नाही.

आबा तिथल्याच टायरवर बसले.

"म्हंजी इतके दिस मी कशाला टेकून बसत हुतो रं?"

"फोमला, आबा," पोपट म्हणाला. "गादीच हुती की तुमची."

कुणी हसलं नाही. मी फोमचा तुकडा मुठीत आवळून धरला होता. आबांना वाटलं, पोरगी संतापलीय. म्हणाले, "लिही. आत्ताच लिही. सोडू नको त्याला."

आणि मी लिहिलं! पोपटच्या स्टुलावर बसून, एका दमात. 'रंगाखाली माणसं मारणारे व्यापारी' — मथळा माझा. अख्खं पत्रक माझं. इतकं धारदार मी आधी कधी लिहिलं नव्हतं. का, ते आता कळतंय. दुसऱ्याच्या नावावर स्वतःलाच फोडून काढत होते.

भानुदासरावांच्या गाळ्यापुढं आम्ही घोषणा दिल्या. माणसं जमली. भानुदासराव बाहेर आले, हातात आमचंच पत्रक. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "ताई, गाडी माझ्याकडनं गेली तवा सरळ हुती. मोरगावला चला. गणपतीपुढं हात ठिवून सांगतो. तुमीबी ठिवा."

आमच्याकडं हे असंच असतं. व्यवहारात पेच पडला की दोघांनी मोरगावला जायचं, देवापुढं हात ठेवून बोलायचं आणि विषय तिथंच संपवायचा. कितीतरी बांधांची भांडणं अशी मिटलीत. घोषणा थांबल्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. देवाला मी मानत नाही — मग जायला काय हरकत होती? दगडापुढं खोटं बोलायला मला कसली भीती?

मी म्हणाले, "आमचा शपथेवर विश्वास नाही. पुराव्यावर आहे. पिलर बघा आधी!"

टाळ्या पडल्या. भानुदासरावांनी मान खाली घातली.

गाडी मी ठोकली होती.

झालं, लिहिलं. कळस गावाच्या अलीकडं, संध्याकाळची वेळ, गाडीत मी एकटी. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल — मोहिमेचा व्हिडिओ काढत होते. 'बंधूंनो, अंधारात उभी ट्रॉली म्हणजे मृत्यू' असलं काहीतरी बोलत होते. ट्रॉली कडेला उभी होती. तिला रिफ्लेक्टर होता. आम्हीच लावलेला, कोरा, लालभडक. शेवटच्या क्षणी दिसला, मी स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रॉलीचा लोखंडी कोपरा डाव्या बाजूत घुसला. मला खरचटलंसुद्धा नाही. ट्रॉलीजवळ माणूस नव्हता. कुणी पाहिलं नाही.

रिफ्लेक्टर लावणाऱ्या पोरीनं रिफ्लेक्टर लावलेल्या ट्रॉलीला धडक दिली — हे बाहेर गेलं असतं तर? गाव हसलं असतं. बस्स, एवढंच. हसू नये म्हणून मी इंदापुरात ओळख नसलेला डेंटर गाठला आणि आबांना फोन केला की गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय.

मला वाटायचं, हेच माझं पाप. नाही. खरं पुढं आहे.

तो डेंटर म्हणाला होता, "खांब हाललाय. कापून नवा जोडावा लागंल, येळ जाईल." मी म्हणाले, रविवारी सभा आहे, बाहेरून दिसलं नाही की झालं. त्यानं डोकं खाजवलं. किल्ली देताना म्हणाला, "वरवरचं केलंय, ताई. डाव्या अंगाला माणूस बसवू नका."

मी ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं. आणि रविवारी सभेला जाताना आबा डावीकडं बसले, बेल्ट ओढला, म्हणाले, "चल." मी गाडी काढली. त्या रविवारपासून पोपटच्या गॅरेजला नेईपर्यंत रोज काढली. वडगाव निंबाळकरच्या बायकांना सभेला आणलं, त्या दाटीवाटीनं त्याच बाजूला बसल्या. मी उजवीकडं होते. पत्रकात मी 'माणसं मारणारे' लिहिलं, तेव्हा कुणाबद्दल लिहीत होते?

गाडी भानुदासरावांनी स्वतःहून दुरुस्त करून दिली. पोपटनं जुना खांब कापला, नवा जोडला, आणि आबांनी उघडं वेल्डिंग हातानं चाचपून बघितल्याशिवाय त्याला रंग लावू दिला नाही. गाडी आता खरंच सरळ आहे. पण भानुदासरावांनी एक गोष्ट केली, जी मला सुचलीच नव्हती. त्यांनी माझं पत्रक खरं मानलं. आपण खोटं बोललो नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे खोटेपणा गाडी आणणाऱ्याचा. त्यांनी संतोषला धंद्यातून बाहेर काढलं. दोघं भाऊ बोलत नाहीत.

परवा इंदापूर स्टँडवर संतोष भेटला. एका टायरच्या दुकानात कामाला आहे. मी तोंड फिरवायच्या आत तोच पुढं आला.

"तुमी बरुबर केलं, ताई. दादाला वाटतं, मी फसवलं त्याला. आधी लय राग आला. आता मलाच वाटतं, बघण्यात माझीच चूक झाली आसंल. खांब ठोकून बघितला हुता मी... का न्हवता, आता आठवंना."

त्याला आठवत नव्हतं. मला सगळं आठवत होतं. तोंड उघडलं मी. तेवढ्यात बारामतीची एसटी लागली, लोक दाराकडं धावले. संतोष गर्दीतून पुढं घुसला, खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरली आणि मला हाक मारली, "या ताई, बसा तुमी."

मी बसले.