लेन्सच्या कपाळावर कुंकू

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते, ते काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. त्यांच्या लोखंडी कपाटात चार कॅमेरे आणि अकरा लेन्स आहेत. एवढी वर्षं जमवलेल्या त्या वस्तूंकडे बघायलाही मला संकोच वाटायचा. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी धीर करून विचारलं, "काका, उद्या आई येऊन राहिली भिवापूरहून. तिचा एक फोटो काढू का, तुमच्या कॅमेऱ्यानं?"

आधार कार्डावरचा सोडला, तर आईचा एकटीचा फोटोच नाही.

"उद्या पूजा झाली का घेऊन जाय," काका म्हणाले. "पूजा तूच मांड."

मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले.

आमच्याकडे दसऱ्याला विळा, कुदळ, फवारणीचा पंप, सगळ्यांना समोरून कुंकू लागतं. म्हणून सकाळी मी चादरीवर लेन्स काच वर करून ठेवल्या. झाकणं काढली, तोंड झाकून पूजेला कोण बसतं? मग ओल्या बोटानं अकराही काचांवर, बरोबर मधोमध, हळदीकुंकू लावलं. वर अक्षता. नटलेल्या नवऱ्याच दिसत होत्या सगळ्या. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

काका अंघोळ करून आले. "काय केलं वं हे?"

काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. "अगं माय! अकरा जणींचं हळदीकुंकू करून टाकलं पोरीनं! आता वाण काय देतं वं त्यायले?"

लेन्स गेल्या, आईचा फोटोही गेला. "काका, पुसून देऊ?"

"हात नको लावू!"

काकांनी एक लेन्स उचलली, पुढची कडा हळूच फिरवली, आणि कुंकवासकट एक चपटी काच त्यांच्या हातात आली. धूळ बसू नये म्हणून त्यांनी प्रत्येक लेन्सपुढे तशी साधी काच लावलेली होती. आतली लेन्स लख्ख.

"चष्म्याले कुंकू लावलं तिनं," काकांचे खांदे हलायला लागले. "डोळे वाचले!"

अकरा चष्मे उतरवेपर्यंत आई दारात हजर. काकूंनी तिला सगळं रंगवून सांगितलं, तरी ती लाजून खालीच बघत होती. गच्चीवर फोटोला उभी राहिली तीही आधार कार्डासारखीच: हात ताठ, ओठ मिटलेले. काकांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला.

"आई, हास ना थोडी."

"काहून? येड्यासारखी एकटीच हासू?"

"बाई," काका मागून म्हणाले, "तुमच्या पोरीनं नारळ नाही फोडला त्या लेन्सवर, हे नशीब माझं!"

आईनं पदर तोंडाला लावला. मग पदरही सुटला. मी बटण दाबत राहिले.

सत्तावीस फोटो निघाले. त्यातले सव्वीस हलले, कारण मीही हसत होते. उरलेल्या एकात आईचे सगळे दात दिसतात.