आमचे भावी महापौर

कोणी साधी ओळख करून द्यायला सांगितली, तर हा माणूस पद सांगायचा, आणि तेही न मिळालेलं. "मी भावी महापौर," असं हात जोडून म्हणायचा आणि मान किंचित डावीकडे कलती करायचा. त्या बाजूने फोटो बरा येतो असं त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. सोलापुरातल्या आमच्या पेठेत त्याचं खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं होतं. तोंडावर सगळे त्याला 'आबा' म्हणत आणि पाठ वळली की 'भावी'.

माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यामुळे हा प्राणी इतरांपेक्षा मला जास्त भोगावा लागला. त्याचा वाढदिवस वर्षातून दोनदा यायचा, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. दोन्ही वेळा चौकात फलक, आणि फलकावर 'भावी महापौर' ही अक्षरं त्याच्या नावाच्या दुप्पट. तास तास माझ्या खुर्चीमागे उभा राहून तो सूचना द्यायचा, "व्यंकण्णा, गाल जरा आत घ्या की ओ. अन् केस थोडे तरी द्या." मग खाली शुभेच्छुकांचे चेहरे. कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं, यावर तो जेवढा विचार करायचा, त्याच्या निम्मा जरी प्रभागातल्या गटारींवर केला असता, तरी आमच्या बायकांना पावसाळ्यात साड्या वर धरून चालावं लागलं नसतं. एकदा तर शुभेच्छुकांत त्याने एक मयत माणूस दिला. मी म्हटलं, "आबा, हे मागच्या महिन्यात गेले की." तर म्हणतो, "असू द्या ओ. चेहरा लई भारदस्त आहे."

तीन वेळा नगरसेवक झाला, पण महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की नेमकी दुसऱ्याच कोणासाठी निघायची. कधी महिलांसाठी, कधी आणखी कोणासाठी. टीव्हीवर ती चिठ्ठी उघडताना बघून हा कपाळाला हात लावायचा आणि संध्याकाळी पुन्हा दुकानात हजर. "पुढच्या वेळी आपलंच." मला हसू यायचं, पण मी हसत नव्हतो. आमची नड होती.

नड अशी की माझी बायको पद्मा महापालिकेच्या बालवाडीत शिकवायची. एक खोली, रस्त्याला लागून, वर पत्रा. विणकरांची पोरं घरात तेलुगू बोलायची. त्यांना तीन महिन्यांत मराठी गाणी म्हणायला लावणं, नाक पुसायला शिकवणं आणि पहिलीत नेऊन बसवणं हे काम ती वीस वर्षं करत होती, तेही मानधनावर. तिचं पद कधी मंजूरच झालं नव्हतं. मंजूर पद असलं की बाई निवृत्त झाली तरी तिच्या जागी दुसरी बाई येते. मानधनावरची बाई गेली की खोलीला टाळं लागतं. पद्माला निवृत्त व्हायला एकच वर्ष उरलं होतं. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलं नाही. पण बालवाडी बंद पडणार, या विचाराने ती जेवताना मध्येच थांबायची. पद मंजूर करण्याचा ठराव महापौरांनी सभागृहात आणायचा, आणि भावीने तिला दर राखीपौर्णिमेला शब्द दिलेला होता. "वहिनी, आपण महापौर झालो की पहिली सही तुमच्या ठरावावर. काळजी करू नका की."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर मीच खोटा ठरेन. मयतीला हा माणूस सगळ्यांच्या आधी यायचा. माझी आई गेली तेव्हा सख्खे भाऊबंद अजून चपला शोधत होते आणि हा बांबू बांधत होता. खांदा दिला तो शेवटपर्यंत बदलला नाही. घरी येऊन पद्माला म्हणाला, "वहिनी, चहा मी करतो, तुम्ही बसा." आणि खरंच केला. तिथे फोटो काढणारं कोणी नव्हतं. त्या एका दिवसामुळे मी त्याच्यावर पुढे इतकी वर्षं विश्वास ठेवला आणि स्वतःला मूर्ख बनवून घेतलं.

गेल्या निवडणुकीनंतर सोडत एकदाची खुल्या गटाची निघाली. भावी नाचायचा तेवढा बाकी राहिला. त्याच्यासमोर उभे राहिले ते 'मालक'. कारखानदाराचा मुलगा, पांढरे कपडे, पांढरे बूट, पांढरी गाडी. या गृहस्थांनी दहा वर्षांत सभागृहात एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. एकदा उठून उभे राहिले म्हणून सगळे कान टवकारून बसले, तर ते पंखा कमी करायला सांगत होते. असे हे शहराचे दोन थोर उमेदवार. एक नुसता बोलणारा आणि एक न बोलणारा, आणि कामाच्या नावाने दोघांचीही बोंब. माझ्या दुकानात दोघांच्याही अभिनंदनाचे फलक आधीच छापून गुंडाळून ठेवलेले होते. धंदा आहे, काय करता?

महापौर तुम्ही-आम्ही निवडत नाही, नगरसेवक निवडतात. बहुमत कोणाचंच नव्हतं. भावीकडे त्याचे पंधरा-सोळा होते आणि कुंपणावर बसलेले नऊ. ते पळू नयेत म्हणून सगळ्यांना घेऊन हा लोणावळ्याकडच्या एका रिसॉर्टवर सहलीला गेला. शहराच्या कारभाऱ्यांना शाळेच्या पोरांसारखं बसमध्ये घालून नेतात आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही! सगळ्यांचे फोन गोळा करून सांभाळायला विश्वासातला माणूस हवा होता. पद्मा म्हणाली, "जा ओ तुम्ही. एवढं झालं की झालंच." म्हणून मी गेलो. चार दिवस पिशवीत पंचवीस फोन घेऊन हिंडलो. नगरसेवक पोहण्याच्या तलावात डुंबत होते, पत्ते कुटत होते, आणि भावी एकेकाला खांद्यावर हात टाकून बागेच्या मागच्या बाजूला नेत होता. काय बोलतो ते कळत नव्हतं. परत येताना दोघंही गंभीर चेहरा करून यायचे. हे तो बस सुटेपर्यंत करत होता.

परतीच्या वाटेवर उजनीच्या पाण्याकाठी एका ढाब्यावर जेवायला थांबलो. भावी आत मासे सांगायला गेला. बाकीचे हात धुवायला बेसिनपाशी. त्यातला एक बोटं घासघासून वैतागला, "ही हळद काय निघंना बे." शेजारचा आपली बोटं साबणाखाली धरून उभा होता. तीही पिवळी. दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं. मग तिसऱ्याने आपला हात पाठीमागे नेला, आणि तिथेच सगळं फुटलं.

भावीने खिशात डबी ठेवली होती, बेल आणि भंडाऱ्याची. कुंपणावरच्या प्रत्येकाला बागेमागे नेऊन त्याने त्याच्यासोबत बेलभंडारा उचलला होता. शपथ अशी, की मी महापौर झालो की स्थायी समितीचा सभापती तुम्हीच, आणि हे कोणापाशी बोलायचं नाही. बहुतेकांची शपथ त्याच सकाळी, बस सुटता सुटता उरकलेली. म्हणून रंग ताजा होता. एका बेसिनपाशी एकाच खुर्चीचे आठ सभापती उभे! नववे हाजीसाहेब, त्यांचे हात स्वच्छ. ते म्हणाले, "मेरेकू बी येईच बोल्या वो. अम्मा की कसम खाको बोल्या!" भावीची आई जाऊन दहा वर्षं झाली होती. तिला खांदा द्यायला मीही होतो.

भावी मासे सांगून बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. दुसरा कोणी असता तर त्याने मान खाली घातली असती. याने मान डावीकडे कलती केली आणि हात जोडले. "अहो, चिडता काय? सभापतीची मुदत एक वर्षाची. पाच वर्षांत पाच जण सहज होतात की."

"अन् उरलेले चार?"

"मग सहा-सहा महिने घ्या की ओ. आपण काय परके आहोत का?"

एवढं ऐकल्यावर ते नऊही जण एका बाकावर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं असावं. ढाबेवाल्याच्या फोनवरून एकाने मालकांना गाठलं, आणि आमचं जेवण संपायच्या आत, आमच्या मागावरच असलेल्या मालकांच्या पांढऱ्या गाड्या दारात आल्या. मालक स्वतः उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून त्यांनी मान हलवली. नऊ जण माझ्याकडून आपापले फोन घेऊन गेले.

माझं डोकं सणकलं. मी भावीच्या समोर जाऊन बसलो आणि विचारलं, "आबा, माझ्या बायकोलाही असाच शब्द दिलात का?" तर माशाचा काटा काढत मला म्हणतो, "तुमचं वेगळं आहे व्यंकण्णा. तुम्हाला शपथ घालायची कधी गरज पडली का? तिथं विश्वास आहे." मला त्याच्या ताटात थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, कारण निवडीला अजून तीन दिवस होते आणि आशा सुटत नव्हती. माझीच मला लाज वाटते हे सांगताना.

निवडीच्या दिवशी पद्माने रजा टाकली, ठेवणीतली साडी नेसली आणि माझ्यासोबत प्रेक्षक गॅलरीत येऊन बसली. पीठासीन अधिकाऱ्यांनी अर्ज मागे घ्यायला पंधरा मिनिटं दिली. खाली भावी आणि मालक कोपऱ्यात गेले. बोलला भावीच, मालक नुसते मान हलवत होते. मग भावी पुढे येऊन म्हणाला, "शहराच्या व्यापक हितासाठी मी माझी उमेदवारी मागे घेत आहे." टाळ्या पडल्या. मालकांच्या गळ्यात पहिला हार यानेच घातला, आणि संध्याकाळी कळलं की याला सभागृहनेतेपद मिळालं. म्हणजे दालन, गाडी आणि पाटी. पद्मा माझ्याकडे न बघता उठली. "पदंडी, पोदाम," एवढंच म्हणाली. चला, निघू या. घरी येईपर्यंत ती रडली नाही. घरी येऊन रडली.

मालकांच्या पहिल्या वर्षात ठराव आला नाही. पद्मा निवृत्त झाली त्या दिवशी पोरांच्या आयांनी बालवाडीत नारळ आणि साडी देऊन तिची ओटी भरली. न बोलावता भावी आला. लगेच भाषण. "बाईंच्या ठरावासाठी मी जिवाचं रान केलं. पुढच्या वेळी आपण महापौर होणार, आणि पहिली सही त्याच ठरावावर!"

पद्मा शांतपणे म्हणाली, "आबा, उद्यापासून बालवाडी बंद आहे. माझ्या जागी कोणीच नाही."

त्याने जोडलेले हात खाली घेतले. मला वाटलं, एकदाचं याला काहीतरी लागलं. त्याने भिंतींवरून नजर फिरवली, खिडकीतून रस्ता पाहिला आणि म्हणाला, "खोली हवेशीर आहे की ओ. मग ही रिकामीच राहणार का?"

महिन्याभरात ती खोली सभागृहनेत्यांच्या संपर्क कार्यालयाला देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ढाब्यावरचे नऊही जण बाजूने होते.

पद्माने आमच्या ओट्यावर सतरंजी टाकली. आधी चार पोरं आली, मग चौदा. ना हजेरीपट, ना खडू, ना मानधन. पुढच्या तारखेच्या वाढदिवसाला भावी माझ्या दुकानात आला, कार्यअहवालाचा फलक छापायला. मोबाईलमधून एक फोटो त्याने माझ्यासमोर धरला. आमचा ओटा, पोरं, आणि पाठमोरी नव्हे, चांगली समोरून हसणारी पद्मा. कधी काढून नेला होता कोण जाणे. खाली मजकूर द्यायचा होता, 'बंद पडलेली बालवाडी पुन्हा सुरू केली.'

मी संगणक बंद केला. "आबा, चालते व्हा," म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो रागावलासुद्धा नाही. "ताण आहे तुम्हाला व्यंकण्णा, कळतं मला," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो दुकानात आला नाही, मीही त्याची वाट पाहिली नाही.

फलक त्याने दुसरीकडून करून घेतला आणि बरोबर आमच्या ओट्यासमोरच्या खांबावर लावला. सकाळी पोरांनी तो पाहिला आणि एकच गिल्ला केला, "बाई, तुमचा फोटो! बाई, खाली काय लिहिलंय?"

पद्माने फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग सतरंजी झटकली आणि म्हणाली, "तुम्हाला अजून वाचता येत नाही, ते बरं आहे. बसा खाली."