मुरब्यात जवळा निवडताना

आमच्या साताऱ्याकडे पुरुष बैल निवडतो, सरपंच निवडतो, बायको निवडतो. तांदूळ मात्र बायका निवडतात. क्रियापद एकच, पण त्यातला खडा पुरुषाच्या बोटाला कधी लागत नाही. हाच रुबाब घेऊन मी बोईसरहून मुरबे ह्या समुद्रकाठच्या कोळीवाड्यात गेलो. आमच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली मुलगी मला आवडली होती, आणि तसं तिच्या आईला सांगायचं होतं.

गावाआधी वास आला. वास कसला, नाकातून शिरून मेंदूत पाट टाकून बसणारा पाहुणाच! एक कावळा माझ्यादेखत उलटा फिरून पालघरला गेला. अंगणात सुकलेल्या जवळ्याचा हत्तीएवढा ढीग. त्या नखाएवढ्या कोळंबीचे लाखभर काळे डोळे माझ्यावर रोखलेले. मुलीची आई सुपात त्यातली घाण वेचत होती. मी रुमाल नाकाला लावला आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "मावशी, मी तुमच्या मुलीला निवडलंय."

तिनं मान वर केली नाही. "निवडलंस? नाक दाबून? तुजा घाम पिवला, नि तुला आमचा वास येतो?"

खोटं नव्हतं. मी रंग बनवतो. माझी बनियन वाळत घातली की दोरीसुद्धा पिवळी होते.

"लांबून बघतात ती पसंती," ती म्हणाली. "निवडायचं तर बोटं घान होतात. आमच्यात अंगणात आला त्यानं हात घालायचा, पावना असो नाय तर जावय. बस."

बसलो. पहिल्याच मुठीत अर्धवट सुकलेलं काहीतरी बोटाला चिकटलं. त्याचे पाय मोजायला गेलो. अठरापर्यंत आलो. माडामागे धावलो. सकाळचा चहा पडला, रात्रीचं वरण पडलं, माझ्या बारशाचे पेढेही पडले असतील. रुमालानं तोंड पुसून तो तिथंच फेकला. आता नाकाला लावायला काही नव्हतं. परत येऊन ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

उन्हं कलेपर्यंत मी सूपभर माल निवडला. मोठं ते चांगलं, एवढं मला कळत होतं. म्हणून खेकडे, शिंपल्या, माशांची वाळकी मुंडकी सुपात जपून ठेवली, आणि बारीक जवळा कोंबड्यांपुढे टाकला.

आईनं सुपात पाहिलं, मग कोंबड्यांकडे पाहिलं. मग सुपातला खडा न्याहाळावा तसं मला न्याहाळलं.

दारातून मुलगी हसत म्हणाली, "आये, ह्याला निवडायला वरीस जाईल. पन फेकू नको."