सुनंदाचा कॉम्प्युटर निवडताना

मला वाचता येत नाही, हे परत विसरलात ना? तुम्ही सगळे नातेवाईक मला मेसेज टाकता आणि वर विचारता, आजी, वाचलंत का... स्वतःचा पासवर्ड विसरणाऱ्या माणसांकडून आणखी काय अपेक्षा धरायची. तर मी बोलतेय, नात तन्वी टाइप करतेय. माझी बोली ती पुस्तकी करते, ते चालवून घ्या.

गोष्ट रविवारची, आमच्या सारसोळ्याच्या घरातली. माझी सून सुनंदा रबाळ्याच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे. कुठल्या गाडीत किती खोके चढले, कुठे निघाले, ते कॉम्प्युटरवर भरायचं तिचं काम... सतरा वर्षं झाली.

आता तिला काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उरलीय ती नळीतून बघावं एवढी.

ऑफिसने सांगितलं, घरून काम करा, कॉम्प्युटर कुठलाही घ्या, पण सोमवारी करून दाखवा. नाही जमलं तर काय, ते कोणी बोललं नाही... पण सुनंदा तेव्हापासून जेवताना गप्प असायची.

म्हणून रविवारी दुपारी टेबलावर दोन कॉम्प्युटर मांडले. एक घरातला जुना, विंडोजचा. दुसरा तन्वीचा नवा, त्यात तिने लिनक्स घातलेलं. इंटरनेट बघायला दोन्हींवर क्रोम आणि फायरफॉक्स. मला ते चार रंगांचा गोल आणि कोल्हा म्हणूनच ओळखू येतात.

माझा मुलगा महेश गोलाच्या बाजूने, तन्वी कोल्ह्याच्या. कुठला फास्ट, कुठला हलका, यावर बापलेकीचं जुंपलं. एवढा वाद तर यांनी तन्वीच्या कॉलेजवरूनही घातला नव्हता.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज तन्वीने दोन्हींवर बसवला होता. पण सुनंदाला तो नको होता, आंधळ्यासारखं वाटतं म्हणाली. मग हे दोघं अक्षरं मोठी करत बसले... इतकी मोठी की पडद्यावर चारच मावायची. सुनंदा प्रत्येक वेळी म्हणायची, हे बरं दिसतंय.

मला अक्षर कळत नाही, म्हणून मी माणसांकडे बघत बसते. वादाच्या नादात तन्वीने बराच वेळ हात लावला नाही आणि नवा कॉम्प्युटर झोपला. पडदा काळा. महेशने तिकडे न बघताच विचारलं, आता कसं वाटतंय? आणि सुनंदा म्हणाली, "हे मघापेक्षा बरं दिसतंय."

दोघांचा वाद तिथेच थांबला. तन्वीचा हात पडदा उजळायला पुढे गेला, तो मी धरला.

"र्‍हाऊ दे बाय, काळाच र्‍हाऊ दे. आता तो आवाज लाव."

सुनंदा चिडली. "आई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

खरंच होतं तिचं. पण मी लग्नात धवले म्हणते. हळदीपासून वरात निघेपर्यंतची गाणी, त्यातली एक ओळ कागदावर नाही. मावशीजवळ बसून शिकले, आणि ती मला डोळे मिटायला लावायची... उघडे असले की माझं लक्ष नवरीच्या दागिन्यांवर जायचं.

मी तिला म्हटलं, "मला सत्तर वर्षं अक्षर दिसतं, पण कळत नाही. तुला कळतं, पण दिसत नाही. ऐकू तर दोघींना येतं ना?"

तिने पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

तन्वीने नवा जागा केला, पडद्याचा उजेड मात्र बंदच ठेवला, आणि आवाज लावला. नव्यावर सुनंदाची बोटं अडखळली. आवाज बोलत होता, पण कुठे जायचं ते तिला सापडेना. त्यात त्या कॉम्प्युटरचा दोष नाही, तिथे तिचा हात बसलेला नव्हता.

मग जुना लावला, त्याचाही पडदा काळा. तिने डोळे मिटले... आणि बोटं निघाली. सतरा वर्षांची सवय हो. गोल उघडला, ऑफिसचं पान उघडलं, एका गाडीची नोंद भरली. आवाजाने ती परत वाचली, तर चाळीसऐवजी चारशे खोके निघाले. तिने स्वतःच मागे जाऊन एक शून्य खोडलं. कोणाला हाक मारली नाही.

महेश उठून गॅलरीत गेला. तन्वीने कोल्ह्याचा हट्ट सोडला. सोमवारी सुनंदाने ऑफिसला तसंच करून दाखवलं. तीन महिने बघू म्हणाले... तीन तर तीन.

एक शिकले. दुसऱ्याला काय सोयीचं, ते आपल्या डोळ्यांनी बघून ठरवायचं नसतं.

आता हे वाचून तुम्ही गाजरं, आवळ्याचा रस आणि बदाम घेऊन येणार, मला माहीत आहे. ते आणू नका, घरात आजारी कोणी नाही. सुनंदा कामावर आहे, तेव्हा कामावरच्या बाईला देतात तसा डबा पाठवा... दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याचं कालवण, जरा तिखट. आणि एकच्या आधी पोचवा, दीडला तिची जेवणाची सुट्टी संपते.