बाकांची टकटक
जर्मन विद्यापीठात व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात. तो आवाज आला की मला रेगेन्सबर्गची एक संध्याकाळ आठवते: ओल्या कोटांच्या आणि कॉफीच्या वासाने भरलेलं सभागृह, दाराशी सह्यांची पत्रकं घेऊन उभी असलेली मी आणि मंचावर एक यझिदी बाई. इराकमधल्या नरसंहारात तिचं सगळं घर गेलं होतं, उरली होती एक बहीण. इथे आल्यापासून ती आपल्या लोकांच्या हक्कांसाठी लढत होती. तिचं बोलणं संपलं, लोकांनी डोळे पुसले आणि बाकं वाजू लागली. ती दचकली. प्राध्यापक ओशाळून म्हणाले, "माफ करा, या आवाजाने तुम्हाला ते मारेकरी आठवले असतील." "छे, ते दार वाजवत नव्हते, तोडत होते," ती म्हणाली. "दार वाजवून येतात ते तुमचे पोलीस. मागच्या आठवड्यात पहाटे माझ्या बहिणीकडे आले होते. तिला परत पाठवणार आहेत. दाराशी पत्रक आहे, सही कराल?" प्राध्यापकांनी घसा खाकरला. "हे पाहा, आज स्मरणाचा कार्यक्रम आहे. राजकारण नको." "म्हणजे मी मेले असते तर तुमची जास्त सोय झाली असती, प्रोफेसरसाहेब!" मग तेच रडलेले लोक माझी नजर चुकवून ब्रेत्सेल-पावांच्या टेबलाकडे गेले. बहिणीला परत पाठवलंच. ती बाई अजून बोलते, मी अजून पत्रकं वाटते. पण बाक मात्र मी आजही वाजवत नाही.